नुक्त्याची जागा

दूध आलं नव्हतं, त्यावरून सगळं सुरू झालं. दसरा होऊन आठ दिवस झाले होते. सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी चहाशिवाय पेपर वाचत होतो, म्हणजे वाचत नव्हतो. चहाशिवाय मला अक्षरं दिसतात, मजकूर दिसत नाही. नल्लकुंट्याच्या आमच्या घराला पुढे अरुंद ओसरी आहे. तिथे इंदुमती, म्हणजे माझी बायको, दूधवालीशी तेलुगूत काहीतरी बोलत होती. मग रिकामं भांडं घेऊन आत आली आणि म्हणाली, "थोडं थांबा. मंद अजून आली नाही म्हणते." मी पेपरामागून विचारलं, "कोण मंद? तिची म्हैस की ती स्वतः?" माझ्या विनोदांना इंदुमती हसत नाही. चोवीस वर्षांत हसलेली नाही, आणि म्हणूनच मीही ते सोडलेले नाहीत. ती म्हणाली, "मंद हो. गुरांचा कळप, ती बसतात ती जागा, सगळ्याला मंदच म्हणतात. इथे जन्मलात, इथेच नोकरी केलीत, आणि मंद माहीत नाही तुम्हाला?" एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली.

मी पेपराची घडी करून गुडघ्यावर ठेवली. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच निघावी, तसं काहीसं झालं. मंद. उर्दूत तीन अक्षरं, मीम, नून, दाल. मीमच्या डोक्याशी एक बारीक गाठ असते. घाईत लिहिणारा ती गाठ गिळून टाकतो आणि मग उरतो नुसता एक दात, जो बेचाही असू शकतो. बेच्या खाली नुक्ता, म्हणजे ठिपका, द्यायचा असतो, पण शिकस्ता लिहिणारे नुक्ते देत बसत नाहीत. शिकस्ता म्हणजे जुन्या कचेऱ्यांतलं मोडकं, धावतं अक्षर. ज्याला येतं त्याला येतं, बाकीच्यांना नुसते कावळ्याचे पाय दिसतात. मला येतं. वनखात्याच्या सदर कचेरीत ते वाचणारा आता मी एकटा उरलो होतो. मीमचा बे केला की मंदचं बंद होतं. आणि मी ते केलं होतं, चार वर्षांपूर्वी, बावन्न सालच्या मे महिन्यात, येद्दुलगुट्ट्याच्या फायलीत, सहाव्या पानावर. पानाचा आकडासुद्धा आठवला, याचाच मला राग आला.

त्या उन्हाळ्याचं सगळंच आठवतं. पोलिस अ‍ॅक्शन होऊन साडेतीन वर्षं झाली होती, कचेरीतून उर्दू गेली होती, इंग्रजी आली होती, आणि जुन्या फायली इंग्रजीत करून द्या असा हुकूम निघाला होता. खात्याला नवी अभयारण्यं जाहीर करायची होती. अमीर-उमरावांच्या शिकारगाहांचं काय करायचं, तर तिथे आता कोणी शिकार करायची नाही, एवढं ठरवून पाटी बदलायची. येद्दुलगुट्टा त्यांतलीच एक, वरंगळच्या पलीकडे, गोदावरीच्या अंगाला, जिथे धड रस्ताही नाही. मी दिवसाला चाळीस पानं हातावेगळी करत होतो. सहाव्या पानावर तीन शब्द होते. चराई, मग तो शब्द, मग बारा. खाली बारा नावं. मी थांबलो होतो. हे कोणाला सांगायची वेळ आली तर सगळ्यांत आधी हे सांगावं लागेल, की मी थांबलो होतो. मला गाठ दिसली होती. पुसट होती, पण होती. तो मीमच होता. पण चराई मंद कशी असेल? दिवा मंद असतो, वारा मंद असतो, एखादा मुलगा मंद असतो. चराई बंद असते. लिहिणाऱ्याचा हात घसरला असं मी ठरवलं आणि त्याची चूक माझ्या हाताने दुरुस्त केली. दाराशी स्टुलावर तेलुगू शिपाई बसला होता. त्याला विचारलं असतं तर त्याने बसल्या जागी सांगितलं असतं. पण शिकस्ता वाचणारा माणूस शिपायाला विचारत नाही. इंग्रजी वाक्य पूर्ण लागतं म्हणून मी ते पूर्ण केलं, की चराई बंद झालेली असून बारा जणांचे हक्क संपलेले आहेत. संपलेल्यांची नावं कशाला, म्हणून नावं गाळली. खाली बारीक सही केली, न. दे., म्हणजे नरहर देगलूरकर.

शिकस्ता मला वडिलांनी शिकवलं. ते वकिलांकडे मुन्शी होते आणि घरी आले तरी त्यांच्या बोटांना शाई असे. मी आठ वर्षांचा असताना पाटीवर एक ओळ लिहून ते सगळे नुक्ते ओल्या फडक्याने पुसून टाकायचे आणि म्हणायचे, वाच. नुक्ते अडाण्यांसाठी असतात, ज्याला अर्थ कळतो त्याला ठिपके लागत नाहीत, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ते पाव्हण्यांसमोरही सांगत. मी वाचून दाखवलं की आईला हाक मारून ते पुन्हा वाचायला लावत. मराठी घरात, उर्दू कचेरीत, आणि तेलुगू भाजीवालीशी, अशी आमच्याकडे भाषांची वाटणी होती. भाजीवालीशीही बायकाच बोलत. मला तेलुगूत वांगी, टमाटे, किती आणि पुरे एवढं येतं. याची लाज वाटायला हवी हे मला त्या सकाळी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. दूध आलं, चहा झाला, तो मी प्यालो की नाही ते आठवत नाही.

चिक्कडपल्लीवरून सायकलने सैफाबादच्या कचेरीत गेलो. रस्ताभर मी स्वतःशी वकिली करत होतो. असेल बंदच. शब्द मंद असला तरी अर्थ बंद असेल. चार वर्षांत कोणी तक्रार केली नाही, म्हणजे तिथे कोणी नसेलच. कचेरीत पोचलो तर व्हरांड्यात फायलींच्या बस्त्यांचे ढीग. एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्य राहणार नव्हतं. औरंगाबादकडे जायचे कागद एकीकडे, गुलबर्ग्याकडे जायचे दुसरीकडे, इथेच राहायचे तिसरीकडे, आणि माणसांचीही तशीच विभागणी चाललेली. माझं नाव इथे राहणाऱ्यांत होतं. पण नव्या आंध्र प्रदेशात आमच्यासारख्या उर्दूवाल्या कारकुनांचं काय करणार याची यादी वेगळीच बनत होती. तिला सगळे दबक्या आवाजात सरप्लस म्हणत. तो शब्द ऐकला की लोक पंख्याकडे बघत.

फाईल काढून सहावं पान उघडलं. गाठ होती. खिडकीशी नेऊन पाहिलं, चश्मा काढून पाहिलं, कागद उलटा धरून मागूनही पाहिलं. मीमच. तेवढ्यात शिपायाने निरोप आणला, अप्पाराव गारूंनी बोलावलंय. अप्पाराव हे कर्नूलहून आलेले अधिकारी. एक तारखेपासून ते आमचे साहेब होणार होते आणि आधीच येऊन ताबा समजून घेत होते. माणूस सभ्य होता. समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देत असे, मध्ये तोडत नसे, आणि त्याचीच मला भीती वाटे. त्यांच्या टेबलावर तेलुगूत लिहिलेला एक अर्ज होता, खाली जांभळे अंगठे. ते माझ्याशी इंग्रजीत बोलत आणि मी अर्धं इंग्रजीत, अर्धं उर्दूत उत्तर देई.

"देगलूरकर, येद्दुलगुट्ट्याची गोल्ला गुराखी माणसं लिहितात की तीन पिढ्या त्यांची गुरं तिथे बसतात. तुमचं रेकॉर्ड म्हणतं त्यांचे हक्क केव्हाच संपले. दोघांतलं एक खोटं आहे."

मी अर्जावरचे अंगठे मोजू लागलो.

"रेकॉर्ड पाहून मी रेंजरला कळवलंय, एकतीस तारखेच्या आत जागा मोकळी करा. गुरांची पाच कुंपणं त्याच्या माणसांनी काढलीसुद्धा. उरलेली काढायच्या आधी मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. हद्दीच्या दगडांवर सगळं उर्दू आहे म्हणतात. तुम्ही चला. मूळ फाईल आणि इंग्रजी भाषांतर, दोन्ही घ्या." मग टेबलावरची एक यादी पालथी करत ते म्हणाले, "या यादीत तुमचं नाव घालू नका असं मी सांगितलंय. ते अक्षर वाचणारा दुसरा माणूस नाही आपल्याकडे. तुम्ही वाचाल ते मी मानणार."

मी थँक्यू सर म्हणालो. खरं म्हणजे तिथेच सांगायला हवं होतं. वाक्य जिभेवर होतं, पण ते तीन भाषांतून कुठल्या भाषेत सांगायचं ते ठरेना, आणि ठरेपर्यंत मी दाराबाहेर आलो होतो. पाच कुंपणं. मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं आणि पुन्हा धुतलं.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी इंदुमती माझी ट्रंक भरत होती. दिवाळी त्याच आठवड्यात येत होती, घरभर भाजणीचा वास. राज्य मोडायचं आणि चकल्या तळायच्या एकाच वेळी आल्या होत्या आणि तिला चकल्यांची काळजी जास्त होती. ती माझ्या जुन्या कोटाचं अस्तर उसवून पुन्हा घालत होती. मी विचारलं, "समज, एखादी शिवण चुकली, आणि ते चार वर्षांनी कळलं." ती सुई तोंडात धरून म्हणाली, "हेच की हे. तुमच्या त्या शिंप्याने उलटं घातलंय, मला आज दिसलं." "मग राहू द्यावं ना? इतकी वर्षं कोणाला कळलं नाही." ती म्हणाली, "तुम्हाला कळलं नाही. माझ्या बोटांना रोज टोचत होतं, कोट झटकताना." मग सुई काढून माझ्याकडे नीट पाहिलं. "काय झालंय?" मी म्हणालो, काही नाही, प्रवासाचं डोक्यात आहे. चोवीस वर्षांत मी तिला किती वेळा काही नाही म्हणालो असेन कोण जाणे. तिनेही पुढे विचारलं नाही आणि दोरा तोडला.

काझीपेटपर्यंत रेल्वे, पुढे खात्याची जीप. अप्पाराव पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे, फाईल मांडीवर. खरं तर ती पिशवीत राहिली असती, पण मी ती मांडीवरच ठेवली. मुलुगच्या पुढे रस्ता संपला आणि बैलगाडीची चाकोरी सुरू झाली. ड्रायव्हर हैदराबादेतला, जुन्या शहराचा, जंगलाला शिव्या देत चालवत होता. "क्या जगा है साब, आदमी नहीं, आदमी का निशान नहीं." ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. आदमी नाही म्हणजे माझं वाक्य खरं. मग झाडी दाट झाली, आणि मला निशाण्या दिसायला लागल्या, एकामागून एक, जणू कोणी मुद्दाम मांडून ठेवल्यासारख्या. सालीला गुरांनी अंग घासून गुळगुळीत झालेली झाडं. ओढ्याकाठी दगडी डोणी, एका अखंड दगडाच्या, कडा चाटून चाटून गोल झालेल्या. मीठ घालायच्या डोणी आहेत त्या, असं अप्पाराव म्हणाले. त्यांच्या आजोळी अशा होत्या. माणसाच्या छातीएवढ्या गवतातून गेलेली खुरांची वाट, इतकी खोल रुतलेली की जीपचं चाक त्यात बसलं. "एद्दु म्हणजे बैल," अप्पाराव मागे वळून म्हणाले, "येद्दुलगुट्टा म्हणजे बैलांची टेकडी. नावच सांगतंय." मी हो म्हणालो. चार वर्षांपूर्वी ते नाव मी पंधरा वेळा इंग्रजीत टाइप केलं होतं, दर वेळी स्पेलिंग बरोबर.

हद्दीचा पहिला दगड आला. त्यावर सरकार-ए-आली, शिकारगाह, आणि साल, छान नस्तालीक, म्हणजे सावकाश घोटलेलं अक्षर, सगळे नुक्ते जागच्या जागी. मी मोठ्याने वाचलं. अप्पारावांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, "बघा, किती सोपं." मला वाटलं, हा माणूस सगळं ओळखून आहे आणि मला खेळवतोय. मग वाटलं, नाही, त्याला काही माहीत नाही, तो फक्त सज्जन आहे, आणि हे जास्त वाईट. दुपारपर्यंत अकरा दगड वाचले. प्रत्येक दगडाशी उतरायचं, वाचायचं, चढायचं. दर दगडामागे माझा आवाज जास्त ठाम होत गेला, जसा खोटं बोलणाऱ्याचा होतो, आणि मी तर त्या दिवशी एकही खोटा शब्द वाचला नव्हता.

शिकारगाहेचा बंगला टेकडीच्या पायथ्याशी, तळ्याच्या काठी. भिंतींवर शिंगं लावायच्या खुंट्या राहिल्या होत्या, शिंगं नव्हती. अप्पाराव आत हातपाय धुवायला गेले. मी व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसलो आणि फाईल उघडली. सहावं पान. समोर तळ्यावर ऊन होतं, पलीकडच्या काठाला काही हरणं पाणी पीत होती आणि त्यांच्याच शेजारी चार-दोन गायी. कोणाला कोणाची भीती नव्हती. मी खिशातलं पेन काढलं. शाई काळी होती, जुन्या शाईला मिळती. करायचं इतकंच होतं की त्या दाताखाली एक नुक्ता द्यायचा. एक ठिपका. मग तो बेच होता, शंभर टक्के बे. मग चूक असलीच तर कोणा मेलेल्या कारकुनाची, आणि जगात असा कोणी उरला नव्हता जो शाई ओली की सुकलेली हे सांगू शकला असता. यादीत नाव नाही, पेन्शनपर्यंत सहा वर्षं, नल्लकुंट्याचं घर. नुक्त्याची जागा रिकामीच होती, तेवढ्यासाठीच ठेवल्यासारखी. वडील पाटी पुसताना दिसले. अर्थ कळतो त्याला ठिपके लागत नाहीत. मला अर्थ कळला नव्हता, म्हणून मला ठिपका लागत होता. मला माझी किळस आली आणि तरी पेन हातातून सुटेना. टोपण काढलेलं होतं, निबेवर शाईचा थेंब जमत होता, आणि मी तो थेंब किती मोठा झाला की पडेल याचा विचार करत होतो.

"चला," अप्पाराव मागून म्हणाले, "ते इथून जवळ आहेत म्हणे." मी टोपण लावलं. थेंब अंगठ्यावर आला होता, तो धोतराला पुसला.

ड्रायव्हरने जीप पुढे नेण्यास नकार दिला. "आगे नक्को साब, पैदल जाना पडता." चालत गेलो, अर्धा मैल असेल. आधी वास आला, शेणाचा आणि तापलेल्या तुपाचा. मग लाकडी घंटांचा खडखडाट. मग कुंपण, बाभळीच्या फांद्यांचं, पुरुषभर उंच, आणि आत वासरं. त्याच्या शेजारी, उतारावर, पाच गोल जागा होत्या जिथे गवत नव्हतं. काट्यांची राख आणि मधे काळी, तुडवलेली जमीन, वर्षानुवर्षांच्या शेणाने नरम. पाच. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं, म्हणजे मला प्रत्येकाचा आकार अजून आठवतो. कुंपणाच्या तोंडाशी एक म्हातारी बसली होती, खांद्यावर काळी घोंगडी, मांडीवर आजारी कोकरू. ती उठली नाही. अप्पाराव तिच्याशी तेलुगूत बोलले, मग मला सांगितलं, "हिचं नाव कोमुरम्मा. पुरुष गुरांमागे गेलेत. ही म्हणते, कागदात आमचं नाव आहे, सायबांनी कागद वाचावा. आम्ही लिहून दिलं होतं, शिक्का मारला होता, तिच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी." ते एका खडकावर बसले, चश्मा पुसला आणि म्हणाले, "वाचा, देगलूरकर. मूळ वाचा. हिलाही ऐकू द्या."

म्हातारी माझ्या तोंडाकडे नाही, हातातल्या कागदाकडे बघत होती. पाचव्या पानापासून सुरू केलं. हद्द, तळं, बंगला, पहाऱ्याची माणसं. उर्दू मी चांगलं वाचतो, आवाजात चढउतार घेऊन, आणि तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ती कोकराच्या कानामागे खाजवत राहिली. सहावं पान उलटलं. अजूनही एकच अक्षर बदलायचं होतं, ओठ मिटून उघडायचे, मीमला मिटतात तसेच बेला मिटतात. फरक नाकात असतो. चराई, मी म्हणालो. आणि मग शब्द आला. "मंद. बारा."

म्हातारीने मान वर केली. एवढ्या सगळ्या वाचनात तिला कळलेला तो एकच शब्द. "औ," ती म्हणाली, "मंद. मा मंद." आमची मंद. आणि हाताने कुंपण दाखवलं, मग ते पाच गोल.

टाइप केलेली इंग्रजी प्रत अप्पारावांनी उघडली. ते हळू वाचतात. बोट ओळीखाली सरकत गेलं आणि थांबलं. "इथे तर बंद लिहिलंय. हक्क संपले." बोट खाली गेलं. "ही सही कोणाची?"

"माझी."

ते वाट पाहत राहिले. मी म्हणालो ना, ते वाक्य पूर्ण होऊ देतात.

"अक्षर मला तेव्हाही दिसलं होतं," मी म्हणालो. "मीम होता. शब्द माहीत नव्हता, म्हणून बदलला. विचारलं नाही कोणाला." इतकं बोलून झाल्यावर वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. पाय दुखत होते, आणि मला बसायचं होतं, आणि बसायला जागा त्या राखेच्या कडेलाच होती. मी बसलो.

अप्पारावांनी वही उघडली. "मी हे लिहिणार, तुम्हाला कळतंय ना," ते म्हणाले. "यादीचं मग माझ्या हातात राहत नाही." मी मान हलवली. मग त्यांनी तेलुगूत म्हातारीला काही सांगितलं. काय सांगितलं ते मला कळलं नाही. ती माझ्याकडे वळली आणि बोलली, रागाने नाही, कामाचं बोलावं तशी. अप्पाराव म्हणाले, "ती म्हणते, पुढची नावं वाच."

ती नावं मी कधीच वाचली नव्हती. बिननुक्त्याची तेलुगू नावं, एकही ओळखीचं नाही. मी पहिलं वाचलं, "ओदेलु." ती म्हणाली, "उन्नडु," आणि टेकडीकडे बोट केलं. आहे. दुसरं वाचलं, "पीरय्या." तिने जीभ चटकन वाजवली. "बीरय्या," ती म्हणाली. बेचा मी पे केला होता. मी पुन्हा म्हटलं, "बीरय्या." ती म्हणाली, "पोयिंडु," आणि पहिल्या गोलाकडे हात केला. गेला. कुठे, ते तिलाही माहीत नाही, असं अप्पारावांनी विचारून सांगितलं. कुंपण जळलं त्या दिवशी बायकापोरांसह गुरं हाकत खाली गेला. सायिलु, उन्नडु. रायमल्लु मी दोनदा चुकवला आणि तिने दोनदा सांगितला. पोयिंडु. असं करत अकरा झाले. चूक झाली की मी तोंड वर करून विचारत होतो आणि ती सांगत होती. मी आयुष्यात एवढे प्रश्न कोणाला विचारले नव्हते.

बारावं नाव स्वच्छ होतं. "गट्टय्या." ती गप्प. मला वाटलं चुकलं. मी टे हे अक्षर नीट वाचलं, त्याचा त करून पाहिला, पुन्हा म्हणालो, "गट्टय्या?" तिने घोंगडी डोक्यावर ओढली आणि वासरांकडे बघत राहिली. अप्पाराव हलकेच म्हणाले, "तिच्या तोंडून ते नाव येणार नाही." आणि मला इंदुमती आठवली, जिने चोवीस वर्षांत माझं नाव घेतलेलं नाही, जी दूधवालीलाही घरवाले उठले नाहीत असं सांगते. मी म्हातारीकडे पाहून हळूच विचारलं, मला येणाऱ्या दोन नव्या शब्दांत, "उन्नडु? पोयिंडु?" ती दोन्हींपैकी एकही म्हणाली नाही. वाकली, आणि कुंपणाच्या आतली जमीन तळहाताने दोनदा थोपटली, झोपलेल्या माणसाला थोपटावं तशी.

टाइप केलेली प्रत अप्पारावांनी माझ्यापुढे धरली. "कुंपणं सातच उरलीत," ते म्हणाले. "कागद बारा म्हणतो," मी म्हणालो. त्यांनी थोडा विचार केला आणि कागद सोडला नाही, तसाच धरून ठेवला, मला लिहायला सोपं जावं म्हणून. मी पेनाचं टोपण काढलं. चराई बंद ही ओळ खोडली. वर काय लिहायचं ते इंग्रजीत येईना. तेव्हा मी म्हातारीला पुन्हा एकदा तो शब्द म्हणायला सांगितला, तिने म्हटला, आणि मी ऐकून तो इंग्रजी अक्षरांत लिहिला. खाली पूर्ण सही केली. मग मार्जिनमध्ये, वरपासून खालपर्यंत, बारा नावं.

लिहून झालं तशी ती काही म्हणाली. अप्पाराव म्हणाले, "काय लिहिलंस ते वाचून दाखव म्हणते." मी पहिल्यापासून वाचायला लागलो.